धोंड्याच्या महिन्यातला एसी

पन्नाशीचा माणूस धुळ्यात, ऐन मे महिन्यात, पितळी परातीत पाय ठेवून पाटावर बसलेला कसा दिसतो, ते मला विचारा. पोट पुढे आलेलं, चष्मा घामाने नाकावरून घसरतोय, टाचांना भेगा पडलेल्या, आणि समोर ऐंशीकडे झुकलेले सासरे तांब्याने पाणी घालून त्या भेगा धुतायत. माझी लाज तिथूनच सुरू झाली. मी पाय जरा मागे ओढला, तर सासऱ्यांनी घोटा धरून तो पुन्हा परातीत ठेवला. "हलू नका जावईबापू, धोतर भिजेल माझं," एवढंच म्हणाले.

अधिक महिना आला की लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून घरी बोलवायचं आणि धोंडे-अनारसे खाऊ घालायचे, ही रीत सगळीकडेच आहे. पण यंदा तो महिना पडला उन्हाळ्यात. आमच्या खानदेशात या दिवसांत दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं आणि स्कूटरवर बसण्याआधी सीटवर ओला रुमाल टाकावा लागतो. अशा उन्हात जळगावच्या पिंप्राळ्याहून निघून, जरीकाठी उपरणं मांडीवर जपत, आम्ही लक्ष्मी-नारायण एसटीने धुळ्याला पोचलो. उतरलो तेव्हा नारायणाचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा झाला होता.

यंदा थाट जरा जास्तच होता. त्याचं कारण मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं, आणि ते तिथे माझ्यामुळे टांगलं गेलं होतं.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात सासूबाई गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालताना चक्कर येऊन पडल्या. दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता उन्हाळाभर दुपारी थंड खोलीत ठेवायचं. पुढच्या वेळी नुसत्या चकरेवर भागणार नाही. नानांनी मनावर घेतलं आणि मला फोन केला. मला का? तर आमच्या दोन्हीकडच्या घरांत मी मोठ्या आवाजात आणि न अडखळता बोलतो, म्हणून मला सगळं कळतं असा समज आहे. तो दूर करायला मी कधी फारसे कष्ट घेतलेले नाहीत.

फोनवर मी असा काही रंगलो! साधा एसी म्हणजे शहरातली रिक्षा, म्हटलं. एकदम पळते, एकदम थांबते, पुन्हा एकदम पळते, आणि प्रत्येक वेळी पेट्रोल पिते. इन्व्हर्टर एसी म्हणजे हायवेला लागलेली गाडी. एकदा वेग धरला की नुसता पाय टेकवून ठेवायचा. खोली गार झाली की यंत्र आपणहून दम धरतं, मंद होतं, पण बंद पडत नाही. लाईट वाचते ती तिथे. नाना आयुष्यभर एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसलेले. काटा दाखवेल तेच मानायचं, ही त्यांची सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे वाचली का?" मी म्हटलं, "म्हणजे काय नाना!" आता हे काही उत्तर नव्हे. आमच्या घरचं बिल बायको तिच्या फोनवरून भरते, मी ते कधी उघडून पाहिलेलं नाही. रिक्षा आणि हायवे हे सगळं मला एसी विकणाऱ्या दुकानदाराने ऐकवलं होतं. मी फक्त त्याला आवाज दिला होता.

एसी आला. सासूबाईंनी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि उरलेला अख्खा उन्हाळा त्या स्वयंपाकघराच्या दारात, फरशीवर ओलं पोतं टाकून दुपारी पडत राहिल्या. वाद नाही, भांडण नाही. "लाईट खाई तो," एवढंच. नानांनी समजावलं, लेकीने फोनवर रागावून पाहिलं. शेवटी त्यांनी एक अट घातली. धोंड्याला जावई येणार आहेत. एसी त्यांच्या शब्दावर घेतला, तर त्यांनीच तो लावून दाखवावा. कमी लाईट खातो असं डोळ्यांना दिसलं, तर त्या तिथे झोपतील. नाही दिसलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

म्हणजे परातीत पाय धुऊन घेणाऱ्या या नारायणाच्या माथी केवढी परीक्षा होती, ते लक्षात घ्या.

जेवण झालं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, अनारसे, आणि नको नको म्हणताना वाढणारे हात. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतूनच, पदर कपाळापर्यंत ओढून, लेकीमार्फत आग्रह करत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचे केस पिकले, पण त्या माझ्याशी कधी समोर बसून बोललेल्या नाहीत. जावई ज्या खोलीत टेकले, तिथे त्या पाऊल टाकत नाहीत. धाक वगैरे काही नाही. त्यांच्या लेखी तो माझा मान आहे. त्यांच्या घरात सासू-जावई असेच वागत आले.

मग नानांनी मला मागच्या खोलीत नेलं. क्रोशाचं झाकण काढलं. नवी कोरी चादर, उशाला तांब्या, खिडकीला जाड पडदा. "तुम्ही आत पडा," नाना म्हणाले, "मी बाहेर मीटरपाशी बसतो." त्यांच्या मीटरवर एक लाल दिवा आहे. लाईट जास्त ओढली की तो भराभर लुकलुकतो, कमी ओढली की सावकाश. नानांना हा दिवा म्हणजे काट्याची सुईच. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओसरीवर मीटरखाली ओढली, मान वर केली आणि बसले.

मी दार लावलं. एसटीचा प्रवास, पुरण, तूप. आधी थोडं गार होऊ दे, मग शास्त्र, असा विचार करून मी रिमोट हातात घेतला आणि सरळ अठरावर आणून ठेवला. पाठ टेकते न टेकते तोच ओसरीवरून नानांचा आवाज आला.

"जावईबापू, काही कमी केलं का?"

मी म्हटलं, नाही, का हो? तर म्हणे, दिवा एकदम पळायला लागला. मी गुपचूप सव्वीस केलं आणि छातीवर हात ठेवून पडलो. बाहेर बायको खुदकन हसलेली ऐकू आली. बंद दाराआड, एकट्याने, अंथरुणात पडून केलेली गोष्ट बाहेर सासऱ्यांना भिंतीवर दिसते, ही भावना ज्याने अनुभवली नाही त्याला कळणार नाही. मी कूस बदलतानाही जरा विचार करू लागलो.

मग मी दार किलकिलं करून भाषण दिलं. आत्ता भिंती तापलेल्या आहेत, स्लॅब तापलेला आहे, पहिल्यांदा यंत्राला ओढावंच लागतं. थोडा दम धरा, नाना. एकदा खोली निवली की दिवा असा मंदावेल की तुम्हाला वाटेल बंदच पडला. "बघू," नाना म्हणाले.

बराच वेळ गेला. दिवा मंदावला नाही. मी मधूनमधून दाराशी जाऊन विचारायचो, नाना मान हलवायचे. मी म्हटलं, नवीन यंत्र आहे. मी म्हटलं, पश्चिमेची भिंत आहे. मी म्हटलं, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल. दर वेळी नवीन कारण सांगताना माझा आवाज थोडा बारीक होत होता. शेवटी बायको आत येऊन म्हणाली, "तुमची हायवेची गाडी जळगाव सोडून नशिराबादच्या पुढे जाईना वाटतं." मी तिला दार लाव म्हणून खेकसलो. त्या खेकसण्यात काही दम नव्हता, हे तिलाही कळलं.

आणि मला खरंच उमगत नव्हतं. खोली गार होती, पण कशी, तर पावसाळ्यातल्या सारखी. चादर दमट लागत होती. एसी धापा टाकत होता. बाहेर एक म्हातारा माणूस मान वर करून बसला होता आणि माझ्या शब्दाखातर घेतलेली वस्तू त्याच्या बायकोपुढे खोटी ठरत होती. मी डोळ्यांवर हात घेतला.

तेवढ्यात लाईट गेली.

सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मला काहीतरी बंद पडल्याचं ऐकू आलं. एसी नव्हे. तो तर आधीपासून हळूच आवाज करत होता. मोठं काहीतरी. पंख्याची पाती फिरत फिरत थांबावीत तशी घरघर, मग पत्र्याच्या टाकीची थरथर, मग पाण्याचा टिपटिप आवाज. मी उठलो आणि पडदा बाजूला केला. खिडकी सताड उघडी होती आणि तिच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूने, लोखंडी घोडीवर ठेवलेला भला थोरला पत्र्याचा कूलर माझ्याकडे तोंड करून उभा होता.

आता बाहेरगावचा वाचक विचारेल की बाबा, डोक्याशी कूलर गरजत होता आणि तुला ऐकू आला नाही? नाही आला. आम्हा जळगाव-धुळ्याच्या माणसांना मार्चपासून जूनपर्यंत कूलरचा आवाज कानाला लागतच नाही. लहानपणापासून आम्ही त्याच आवाजात झोपलो, परीक्षेचा अभ्यास केला, भांडलो. तो थांबला तरच दचकतो. एसीच्या खोलीत कूलर लावला की बाहेरची गरम हवा आत येते, तीही पाण्याने भिजून येते. यंत्र बिचारं ते पाणी शोषत बसतं आणि त्याला दम घ्यायला सवडच मिळत नाही. हे मला ठाऊक होतं. दुकानदाराने तेही सांगितलं होतं. मी त्या कूलरच्या झोतात पडून सबंध दुपार इन्व्हर्टरवर व्याख्यान देत होतो.

अजून पुढचं राहिलंच. कूलरच्या मागून बादली आपटल्याचा आवाज आला. डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर पदर, दोन्ही हातांनी बादली उचलून सासूबाई टाकीत पाणी ओतत होत्या. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. मला खिडकीत पाहून त्या थबकल्या. लेक जवळ नव्हती. बोलायला मध्ये कुणी नव्हतं. पदर सावरत, कूलरच्या पत्र्याकडे बघत त्या म्हणाल्या,

"जवाईले उकाडा नको व्हवाले. म्हनीसन लाया."

जावयाला उकडायला नको, म्हणून लावला. एका एसीने काय होणार, दोन्ही असले तर जास्त गार. जेवणं झाल्यापासून त्या मागच्या हौदातून बादल्या आणून ती टाकी भरत होत्या. ज्या बाईला उन्हात जाऊ द्यायचं नाही म्हणून एवढा सगळा खटाटोप, ती बाई माझ्यासाठी उन्हात उभी होती, आणि मी आत गार पडून धाप लागलेल्या यंत्राची कारणं शोधत होतो. परातीतली लाज यापुढे काहीच नव्हती. ती निदान टाचांपुरती होती.

मी हळू आवाजात, जमेल तेवढं सोपं करून सांगितलं की आई, हे दोन्ही एकत्र चालत नाहीत. खिडकी बंद पाहिजे. यामुळेच दिवा पळतोय. त्यांना ते पटकन कळलं. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नानाले नका सांगू."

मी म्हटलं, नाही सांगत.

त्या बादली घेऊन स्वयंपाकघराकडे गेल्या. मी कूलर मागे ढकलला, खिडकी लावली, पडदा ओढला. थोड्या वेळाने लाईट आली. एसी सव्वीसवर ठेवून मी कॉटवर बसलो, आणि आता सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच खरी अडचण माझ्या ध्यानात आली. दिवा मंदावेल. नाना खूश होतील. सासूबाई मान्य करतील. आणि तरीही त्या स्वयंपाकघराच्या दारातच पडतील, कारण या खोलीत मी आहे. आमचा मुक्काम चांगला लांबलचक ठरला होता. जावई इथे झोपणार, ही घराची इज्जत. मी उठून ओसरीवर जाऊन पडेन म्हटलं तर नाना ऐकणार नाहीत. जावयाला बाहेर झोपवलं अशी बोलवा इथल्या सगळ्या देवपूर भागात होईल. म्हणजे त्या बाईच्या आणि गारव्याच्या मध्ये उभी असलेली एकमेव वस्तू मी होतो.

मी थोडा वेळ विचार केला. मग शिंकलो.

पहिली शिंक बरी झाली. दुसरी जरा जास्तच नाटकी झाली, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी म्हाताऱ्याचं काम केलं होतं त्यातली होती ती. तिसऱ्या शिंकेला मी तांब्या पाडला. नाना ओसरीवरून, बायको स्वयंपाकघरातून, दोघं दारात हजर. मी नाक धरून म्हणालो की मला हा एसी सोसत नाही. हाडात गेला. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"घरी तर सोळावर लावून पांघरूण घेता," ती म्हणाली.

मी म्हटलं, तो आपला जुना झालाय, हा नवा आहे, याचा गारवा कडक आहे. हे बोलताना माझ्याच कानांना ते खोटं लागलं. नानांच्या तोंडावरून जे काही सरकलं ते मी पाहिलं. ज्या माणसाच्या शब्दावर त्यांनी एवढी मोठी वस्तू घेतली, तो माणूस त्या वस्तूपुढे अर्धी दुपारसुद्धा टिकला नव्हता. "मग बंद करू," ते म्हणाले आणि रिमोटकडे हात नेला.

इथे मी माझा आवाज लावला, उंबऱ्यापलीकडे ऐकू जाईल असा. बंद? नाना, हे पाप करू नका. सगळी लाईट गेली ती खोली गार करण्यात. तो खर्च होऊन गेला. आता यंत्र नुसतं दम धरून चालणार, आता कुठे वाचायला लागणार. अशी गार केलेली खोली रिकामी सोडायची म्हणजे रांधलेलं अन्न उकिरड्यावर टाकायचं. कुणीतरी आत पडायलाच पाहिजे.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

हे मी खोटं बोललो नव्हतो बरं का. त्या दुपारी मी जे काही बोललो त्यातलं एवढंच पक्कं खरं होतं. आणि मला माहीत होतं की ज्या बाईने शिळ्या भाकरीचा कुस्करासुद्धा कधी फेकला नाही, तिला लाईट खर्चलेली चालणार नाही, पण खर्चून झालेली वाया गेलेलीही चालणार नाही. मी मुकाट्याने खोलीतून बाहेर पडून ओसरीवर गेलो. मागे बायकोचा आवाज, मग सासूबाईंचा, मग पुन्हा बायकोचा. मग मागच्या खोलीचं दार लागलं.

नाना पुन्हा खुर्चीत बसले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर. बराच वेळ आम्ही दोघं मान वर करून बसलो होतो. दिवा भराभर चालला होता, मग मध्येच एकदा जरा थांबून लुकलुकला. मग पुन्हा थांबून. हळूहळू तो असा चालू लागला की एका लुकलुकीनंतर दुसरीची वाट बघावी लागे. नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा घातला.

"खरं बोललात," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कूलरपेक्षा कमी का?"

काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला फसवायचं नाही, एवढं त्या दिवशी मी ठरवलं होतं. म्हटलं, नाही नाना. साध्या एसीपेक्षा कमी, तेही दार-खिडकी बंद ठेवून तासन् तास लावला तर. कूलरपेक्षा जास्तच खाणार. बिल वाढणार.

नानांनी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मग तिला नका सांगू," ते म्हणाले.

अशी माझ्याकडे त्या दुपारी दोन गुपितं जमा झाली, एकमेकांपासून लपवायची. मी मुकाट मान हलवली. तेवढ्यात नानांना माझ्या सर्दीची आठवण झाली. त्यांनी आत जाऊन कपाटातून हिवाळ्याची माकडटोपी आणली, आणि लेकीला आल्याचा काढा टाकायला सांगितला. मी नको म्हणालो. शिंकलेल्या जावयाला नको म्हणता येत नाही. धुळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी, ओसरीवर, मी माकडटोपी घालून वाफाळता काढा पीत बसलो. घाम टोपीतून ओघळून दाढीपर्यंत आला. समोरच्या घरचे काका ऊन टाळत भिंतीच्या सावलीने चालले होते, ते थांबून बघू लागले. नानांनी त्यांना ओसरीवरूनच सांगितलं की आमच्या जावईबापूंना एसी सोसला नाही, जळगावला असूनसुद्धा. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचणार, हे मला त्यांच्या चालीवरूनच कळलं.

ते गेल्यावर मी टोपी काढायला हात वर नेला. बायको काढ्याचा पेला न्यायला आली होती. तिने मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, आत सासूबाई पहिल्यांदाच दार लावून निजल्या होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला खोटं शिंकता येत नाही," ती हळूच म्हणाली, आणि माझे हात बाजूला सारून टोपी पार भुवयांपर्यंत खाली ओढली. "माय उठेपर्यंत काढायची नाही."